छळाचे भांडवल करावे काय?



गेल्या निवडणुकीच्या दिवसांतील गोष्ट. एका रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक वृद्ध वडील मंदिराच्या ओट्यावर माझी वाट पाहत थांबले होते. त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर कोणी एक चित्र धाडले होते. चित्रात दूरदेशीचे एक जळालेले ख्रिस्ती उपासनामंदिर होते, आणि खाली अशा अर्थाचा मजकूर होता की, तिकडे तुमच्या लोकांची ही दशा करणाऱ्यांचे धर्मबंधू इकडे सुखाने नांदत आहेत. मत देताना याचे स्मरण ठेवा. बाबांचे डोळे पाणावले होते. त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, हे खरे आहे काय?" मी म्हणालो, "होय बाबा, असे प्रकार घडले आहेत." तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न केला, "मग खाली लिहिले आहे तेही खरेच मानायचे ना?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला उभ्या उभ्या देता आले नाही. चित्र खरे, दुःख खरे, आणि तरीही त्याखालचा मजकूर मनाला खुपत होता. का खुपत होता याचा विचार करता करता जे सुचले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रश्न असा आहे. आपल्या धर्मबांधवांचा कोठे छळ झाला तर त्याचे वर्तमान सांगणे हे आपले कर्तव्यच होय. एका अवयवाला दुखापत झाली असता सर्व शरीर कळवळते, हे आपण मंडळीत नित्य शिकवितो. परंतु तेच दुःख मते मिळविण्यासाठी मांडावे, आणि तेही ज्यांनी तो छळ केला नाही अशा तिसऱ्याच एखाद्या लहान समाजाविरुद्ध मांडावे, हे धर्मास धरून आहे काय? दोन समाजांची दुःखे तराजूत घालावी काय? आणि घातली तर तो तराजू कोणाच्या हाती असावा?

जवळचे उदाहरण घेतले तर पक्षाभिमान आड येतो आणि विचार गढूळ होतो. म्हणून एक दूरचे, पण पुरते घडून गेलेले उदाहरण घेऊ. ते स्वित्झर्लंड देशाचे आहे. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. कोकणात आणि घाटावरही अनेक घरांवर जी मंगळुरी कौले दिसतात, त्यांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला होता. त्याच मिशनचे सेवक १८३७ पासून धारवाडास शाळा चालवीत व उपदेश करीत होते. बासेल हे स्वित्झर्लंडमधील शहर. ज्या लोकांनी आपल्या शेजारच्या प्रांतात शुभवर्तमान आणले त्यांच्याच देशात ही गोष्ट घडली. म्हणून आपण परक्याच्या डोळ्यातील कुसळ शोधीत नसून घरचीच झाडलोट करीत आहो, असे वाचकांनी समजावे.

स्वित्झर्लंडमध्ये अशी वहिवाट आहे की, एक लक्ष नागरिकांनी ठरावीक मुदतीत सह्या केल्या, तर राज्यघटनेत दुरुस्ती करण्याची सूचना सर्व मतदारांपुढे ठेवावी लागते. सार्वमताने ती संमत झाली, व देशाच्या निम्म्याहून अधिक कँटनांनी, म्हणजे प्रांतांनी, तिला अनुमती दिली, की ती घटनेत दाखल होते. रेडिओ व दूरचित्रवाणीवर राजकीय जाहिरात करण्यास तेथे मनाई आहे. त्यामुळे प्रचाराचा मोठा भार रस्त्यांवरील व रेल्वेस्थानकांवरील भित्तिपत्रकांवर पडतो. जे काही सांगायचे ते वाटसरूला दोन पळांत समजले पाहिजे. आणि दोन पळांत समजेल अशा चित्रात मनुष्याचे संपूर्ण सत्य क्वचितच मावते.

२००७ च्या निवडणुकीत स्विस पीपल्स पार्टी या पक्षाने असे एक भित्तिपत्रक लावले होते. तांबड्या ध्वजावर तीन पांढरी मेंढरे उभी आहेत, आणि त्यांतील एक मेंढरू एका काळ्या मेंढराला लाथ मारून ध्वजाबाहेर घालवीत आहे, असे ते चित्र होते. गुन्हा करणाऱ्या परदेशीयांना हद्दपार करावे, हा त्यामागील हेतू असल्याचे पक्षाने सांगितले. मेंढरांची उपमा आपणास नवी नाही. आपल्या प्रभूच्या दाखल्यातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून हरवलेल्या एकामागे जातो. त्या भित्तिपत्रकात मेंढपाळ कोठेच नव्हता. न्यायाचे काम मेंढरांनीच आपल्या पायांनी उरकून घेतले होते. त्या निवडणुकीत हाच पक्ष सर्वांत मोठा ठरला.

याच सुमारास वांगेन नावाच्या एका गावी तेथील तुर्की संस्थेने आपल्या प्रार्थनागृहावर सुमारे ६ मीटर उंचीचा लहानसा मिनार बांधण्याची परवानगी मागितली होती. गावकऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण न्यायालयांत गेले, आणि अखेर २००९ साली तो मिनार उभा राहिला. त्या वेळी सबंध देशात अवघे चार मिनार होते. पहिला झुरिच येथे १९६३ साली, दुसरा जिनिव्हा येथे १९७८ साली झालेला. तिसरा विंटरथुर येथे, व चौथा हा वांगेनचा. त्यांच्यावरून बाहेर बांगही दिली जात नव्हती. तथापि देशात यापुढे एकही मिनार बांधू नये असे घटनेतच लिहावे, या मागणीसाठी एक लक्षाहून अधिक सह्या जमल्या, आणि २९ नोव्हेंबर २००९ हा मतदानाचा दिवस ठरला.

या प्रचाराचे भित्तिपत्रक फार गाजले. स्विस ध्वजाला भोके पाडून वर आलेले काळे मिनार त्यात होते, आणि त्यांचा आकार क्षेपणास्त्रांसारखा काढला होता. पुढे नखशिखांत काळ्या वस्त्रात झाकलेली एक स्त्री होती. तिचे केवळ डोळे दिसत. बासेल व लोझान या शहरांनी ते पत्रक आपल्या हद्दीत लावू दिले नाही. झुरिच व जिनिव्हा यांनी मतस्वातंत्र्याच्या कारणाने ते लावू दिले.

आता ज्यांचे हे चित्र म्हणून दाखविले गेले ते लोक कोण होते, हे पाहिले पाहिजे. २००० सालच्या शिरगणतीत त्या देशात तीन लक्षांहून थोडे अधिक मुसलमान होते. त्यांतील निम्म्याहून अधिक पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून, म्हणजे बोस्निया, कोसोव्हो इत्यादी प्रांतांतून आलेले, व सुमारे पंचमांश तुर्कस्तानातून आलेले. त्यांच्या स्त्रियांत तो काळा वेष क्वचितच आढळे. पुढे ७ मार्च २०२१ रोजी त्याच मंडळींच्या पुढाकाराने तोंड झाकण्यास बंदी करणारी सूचना शेकडा ५१.२ मतांनी संमत झाली; त्या वेळी लुसर्न विद्यापीठातील संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे सबंध देशात असा वेष करणाऱ्या स्त्रिया २१ ते ३७ होत्या. म्हणजे लक्षावधींचे रूप म्हणून जे दाखविले, ते रूप दोन-तीन डझनांचेही धड नव्हते.

त्यातही बोस्नियातून आलेल्यांचा विचार करावा. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक बोस्नियन मुसलमान पुरुष व मुलगे ठार मारले गेले. त्या युद्धातून जीव वाचवून जे स्वित्झर्लंडात आले ते स्वतःच छळाचे बळी होते. आणि त्यांना छळ करणारे ख्रिस्ती म्हणविणारे लोक होते, हे लिहिताना लेखणी अडखळते. अशा मनुष्याने एके दिवशी सकाळी कामावर जाताना स्थानकाच्या भिंतीवर आपल्या धर्माचे चित्र क्षेपणास्त्र म्हणून पाहिले असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल? शिवाय त्या समाजातील बहुसंख्य लोकांस नागरिकत्व मिळालेले नव्हते. ज्यांच्याविषयी मत मागितले जात होते त्यांतील बहुतेकांस मतच नव्हते. ते चित्रात होते, सभेत नव्हते.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. बंदी मागणारे सर्वच दुष्ट नव्हते. तुर्कस्तानातील एका पुढाऱ्याने १९९७ साली एका सभेत म्हटलेल्या कवितेत मिनारांना शस्त्राची उपमा होती, याची ते आठवण देत. त्याच सुमारास लिबिया सरकारने दोन स्विस व्यापाऱ्यांना अडकवून ठेविले होते, त्याचाही संताप होता. आणि आमच्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे तो युक्तिवाद असा: मुसलमान देशांत ख्रिस्ती लोकांना मंदिर बांधू देत नाहीत, त्यांना मारतात, मग आम्ही येथे मिनार का बांधू द्यावा?

या युक्तिवादातील पहिला अर्धा भाग खोटा नव्हता. सौदी अरबस्तानात उघड ख्रिस्ती मंदिर बांधण्यास परवानगी नव्हती. १८ एप्रिल २००७ रोजी तुर्कस्तानातील मालात्या शहरी ख्रिस्ती पुस्तके प्रसिद्ध करणाऱ्या कचेरीत तिघा ख्रिस्ती बांधवांची हत्या झाली. मार्च २००८ मध्ये इराकातील मोसुलचे आर्चबिशप पावलुस फराज रह्हो यांचे अपहरणानंतर प्रेत सापडले. १ ऑगस्ट २००९ रोजी, म्हणजे मतदानापूर्वी चारच महिने, पाकिस्तानातील गोजरा गावी ख्रिस्ती वस्ती जाळली गेली व माणसे मेली. ज्याला या वर्तमानांनी दुःख होत नाही त्याचे हृदय तपासून पाहिले पाहिजे.

परंतु दुसरा अर्धा भाग पहिल्यापासून निघत नाही. गोजऱ्याच्या जळालेल्या घरावर स्वित्झर्लंडच्या बंदीने एक कौल तरी चढले काय? मालात्याच्या विधवेचे अश्रू वांगेनचा मिनार रोखल्याने पुसले गेले असते काय? ज्याने मारले तो एक, ज्याला शिक्षा होते तो दुसरा, आणि ज्याला लाभ होतो तो तिसरा. मारणारा दूर राहिला. शिक्षा झुरिचच्या कारखान्यात राबणाऱ्या बोस्नियन मजुरास. लाभ प्रचार करणाऱ्या पक्षास. ज्याचे घर जळाले त्याच्या पदरात काय पडले? त्याचे केवळ नाव वापरले गेले.

आपल्याकडे "भांडवल करणे" असे म्हणतात ते याला. सावकार भांडवल घालतो ते व्याज मिळावे म्हणून. दुःखाचे भांडवल करणारा मनुष्य ते दुःख लवकर संपावे अशी इच्छा मनापासून करू शकत नाही, कारण मूळ भांडवलच गेले तर व्याज कोठून येणार? या रीतीतील खोल पाप मला येथे दिसते. ती परक्यावर अन्याय करते हे तर उघडच आहे. पण ज्याच्यासाठी आपण रडतो म्हणतो त्या आपल्याच बांधवावरही ती अन्याय करते.

हे त्या देशातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी ओळखले होते, ही समाधानाची गोष्ट होय. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघाने व कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने बंदीस विरोध केला. मुसलमान देशांत छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांना अशा बंदीने साहाय्य न होता उलट त्यांची स्थिती अधिकच बिघडेल, असे बिशपांनी सांगितले. सरकारने व संसदेनेही सूचना फेटाळावी असे सुचविले, आणि आधीच्या चाचण्यांतून ती फेटाळली जाईल असेच दिसत होते. प्रत्यक्षात शेकडा ५७.५ मते बंदीच्या बाजूने पडली. जिनिव्हा, वो, नशातेल व बासेल शहर एवढ्याच भागांनी नकार दिला. घटनेच्या ७२ व्या कलमात मिनार बांधण्यास मनाई करणारे वाक्य दाखल झाले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग छळाची तुलना करूच नये काय? प्रत्येकाने आपले दुःख आपल्यापाशी ठेवावे काय? तसे मला म्हणावयाचे नाही. कारण त्याच प्रचारात दुसरी एक तुलना झाली, आणि ती मला आदर्श वाटते. ती तेथील यहूदी लोकांनी केली.

स्वित्झर्लंडच्या यहूदी लोकांचा इतिहास वाचकांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांना कायमची वस्ती करण्याची मुभा आरगाउ भागातील एंडिंगेन व लेंगनाउ या दोनच गावांत होती. त्या गावांत अजूनही शेजारी शेजारी दोन दरवाजे असलेली जुनी घरे दिसतात. एक दरवाजा ख्रिस्ती कुटुंबाचा व दुसरा यहूदी कुटुंबाचा, कारण दोघांनी एकाच दारातून ये-जा करू नये असा दंडक होता, असे परंपरेने सांगतात. देशात कोठेही राहण्याची मोकळीक त्यांना १८६६ साली व उपासनेचे पूर्ण स्वातंत्र्य १८७४ साली मिळाले. आणि पुढे सह्यांनी घटना दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांस १८९१ साली मिळताच, त्याचा पहिलाच उपयोग काय झाला? यहूदी धर्मविधीप्रमाणे पशू कापण्यास मनाई करण्यासाठी झाला. २० ऑगस्ट १८९३ रोजी सुमारे शेकडा ६० मतांनी ती मनाई संमत झाली. प्राण्यांवरील दयेचे कारण पुढे केले होते, व कित्येकांच्या मनात ती दया खरीही असेल; परंतु तिच्या आड यहूदी लोकांविषयीचा द्वेष उभा होता, हे इतिहासकार मान्य करतात. ती मनाई आज पशुरक्षणाच्या कायद्यात कायम आहे.

हा समाज २००९ साली काय म्हणाला? आम्हांलाही एके काळी सभास्थाने व त्यांवरील घुमट बांधण्यास बंदी होती. ते बाहेर ठेवणे काय असते हे आम्ही जाणतो. ते दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येऊ नये, असे त्यांच्या पुढाऱ्यांनी सांगितले. मुसलमान व यहूदी यांच्यामध्ये जगात किती कडवटपणा आहे हे सांगावयास नको. आपल्याला यात काय, असे म्हणून त्यांना स्वस्थ बसता आले असते. पण त्यांनी आपली जुनी जखम काढून दाखविली ती दुसऱ्यास तशी जखम होऊ नये म्हणून.

वाचकहो, या दोन तुलना शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत भूतकाळातील किंवा दूरदेशातील छळ आठविला आहे. एक म्हणते, आमच्या लोकांनी सोसले, म्हणून यांनीही सोसावे. दुसरी म्हणते, आम्ही सोसले, म्हणून यांनी सोसू नये. एकीच्या योगे शेजाऱ्याचे दार बंद होते, दुसरीच्या योगे ते उघडते. परदेशीयावर जुलूम करू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परदेशी होता आणि परदेशीयाचे मन तुम्ही जाणता, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. तेथेही छळाची आठवण आहे, पण ती सूडाच्या कारणाने नसून दयेच्या कारणाने आहे. माझ्या मते याच कसोटीवर प्रत्येक तुलना घासून पाहावी.

दुसरी एक गोष्ट बंदीला विरोध करणाऱ्यांसही सांगितली पाहिजे. त्यांतील काहींनी त्या भित्तिपत्रकांची तुलना हिटलरच्या काळातील पत्रकांशी केली. चित्रकलेपुरती ती असेल तर असो. परंतु साठ लक्ष यहूदी लोकांच्या संहाराचे नाव प्रत्येक वादात उच्चारले, तर त्या मृतांचा मान राहत नाही, आणि समोरच्या मतदारास आपण खुनी ठरविले असे वाटून तो कान बंद करतो. बंदीस मत देणारा खेड्यातील शेतकरी भ्यालेला होता, फसलेला होता, कदाचित अडाणीही होता. पण तो खुनी नव्हता. खरी तुलना मापाबाहेर जात नाही. १८९३ आणि २००९ यांची तुलना मापात आहे: दोन्ही वेळी लोकांच्या सह्यांनीच मागणी आली, दोन्ही वेळी लक्ष्य एक लहान समाज होता, आणि दोन्ही वेळी त्या समाजाची एकच लहान रीत घटनेत निषिद्ध केली गेली. एवढे सांगितले तरी समंजस मनुष्य विचारात पडतो. अतिशयोक्ती करणारा साक्षीदार खऱ्या बाजूचा असला तरी न्यायाधीशाचा विश्वास गमावतो.

आणि तुलना करू लागलो तर आरंभ आपल्या घरापासून केला पाहिजे. ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिच शहरी लिम्मात नदीत फेलिक्स मान्झ नावाच्या मनुष्याला हातपाय बांधून बुडविण्यात आले. त्याचा अपराध हा की, बालकांचा बाप्तिस्मा तो मानीत नसे व प्रौढांस पुन्हा बाप्तिस्मा देत असे. त्याला बुडविणारे मुसलमान नव्हते. धर्मसुधारणेचा झेंडा हाती घेतलेल्या शहराची ती सभा होती. तीच झुरिचची सुधारलेली मंडळी २६ जून २००४ रोजी त्या नदीकाठी उभी राहिली, तिने आपल्या पूर्वजांचे पाप कबूल करून त्या पंथाच्या वंशजांची क्षमा मागितली, आणि तेथे एक स्मृतिशिला बसविली. उलटपक्षी १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट लोकांना असलेले संरक्षण काढून घेतले, तेव्हा हजारो निर्वासितांना याच देशाने आसरा दिला. म्हणजे एकाच लोकांच्या हातून छळही झाला आणि छळलेल्यांना आश्रयही मिळाला. ज्याला आपला हा दुहेरी इतिहास ठाऊक आहे त्याचे बोट दुसऱ्याकडे सहज वळत नाही.

शुभवर्तमानात लूकाने सांगितलेला एक प्रसंग या विषयाशी फार जुळतो. कित्येक लोक प्रभूकडे छळाचे वर्तमान घेऊन आले. पिलाताने काही गालीली लोकांना त्यांच्या यज्ञाच्या वेळीच ठार मारले होते. प्रभू स्वतः गालीलात वाढलेला. मारलेले लोक त्याच्याच मुलखाचे. मारणारा परकीय सत्ताधारी. लोकांस भडकविण्यास याहून अनुकूल वर्तमान कोणते? पण प्रभूने ती आग पेटविली नाही. ते मेलेले इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न करून त्याने दुःखाचे माप लावण्याची ती खटपटच मोडून काढली. शिलोआमाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचीही त्याने आठवण दिली, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविले. याचा अर्थ पिलात निर्दोष होता असा नव्हे. अर्थ इतकाच की, दुसऱ्याच्या रक्ताचे वर्तमान ऐकून प्रथम कोणाचे मन बदलावे, तर ऐकणाऱ्याचे.

आपल्या देशात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार मानला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी त्याचा अर्थ अधिक व्यापक केला: उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येत नाही. कायदा चांगला आहे. परंतु रात्री कोणी निनावी मनुष्य एखादे चित्र मोबाइलवर धाडतो, तेथवर कायद्याचा हात लवकर पोहोचत नाही. तेथे ज्याच्या हाती ते चित्र येते त्याची सदसद्विवेकबुद्धी हीच न्यायाधीश. म्हणून असे काही आपल्या हाती आले तर तीन प्रश्न विचारावे, असे मी सुचवितो. ज्यांच्याविरुद्ध हे मत मागतात, त्यांनीच तो छळ केला काय? जे करावयास सांगतात, त्याने छळ सोसणाऱ्याचे दुःख तिळभर कमी होईल काय? आणि तो छळ सोसणारा मनुष्य येथे उभा असता, तर आपल्या नावाने हे व्हावे असे तो म्हणाला असता काय? तिहींचे उत्तर नाही असे आले, तर समजावे की आपल्या अश्रूंवर कोणी आपले पीक काढीत आहे.

आपण स्वतः या देशात लहान समाज आहो, हेही विसरू नये. आज ज्या मापाने दुसऱ्या लहान समाजाचे माप होताना आपण स्वस्थ राहू, त्याच मापाने उद्या आपले माप होईल. दूर कोठे ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राजाने किंवा सैन्याने केलेला अन्याय दाखवून आमच्या खेड्यातील दहा घरांच्या मंडळीकडे बोट दाखविले, तर आपण काय म्हणू? आपण म्हणू, त्यात आमचा काय दोष? हेच उत्तर दुसऱ्याने दिले असता ते ऐकण्यास आपले कान तयार असले पाहिजेत.

पुढच्या आठवड्यात मी बाबांच्या घरी गेलो. त्यांच्या भिंतीला भिंत लागून एका मणियाराचे घर आहे. तीन वर्षांपूर्वी बाबांची पत्नी प्रभूमध्ये निजली, तेव्हा त्या घरच्या दोघा मुलांनी खांदा दिला होता, आणि तीन दिवस त्याच घरातून भाकरी आली होती. मी बाबांना वर लिहिलेले सर्व काही सांगितले नाही, स्वित्झर्लंडची गोष्ट थोडक्यात सांगितली, दोन दरवाजांच्या घरांची सांगितली, आणि शेवटी विचारले, "बाबा, ते मंदिर या शेजारच्या घरातील कोणी जाळले काय?" बाबा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. मग ते चित्र पुसून टाकायला सांगतो पोराला."

मी म्हणालो, "चित्र पुसू नका, बाबा. खालचा मजकूर तेवढा टाकून द्या. त्या जळालेल्या मंदिराची मंडळी आज कोठे जमत असेल, त्यांच्यासाठी आपण आताच प्रार्थना करू." नातवाला आत बोलाविले. तिघांनी मिळून प्रार्थना केली. उठताना बाबा म्हणाले, येत्या रविवारी त्या मंडळीच्या नावाने दानपेटी फिरवावी. तशी ती फिरविली. ऐंशी घरांच्या गावातील आमच्या लहान मंडळीने जे दिले ते फार नव्हते. पण ते कोणाच्या विरुद्ध दिलेले नव्हते.